जुना डेस्कटॉप: काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या घरगुती आणि छोट्या व्यवसायातल्या मशिनांसाठी आहेत: दुकानाचं बिलिंग, पतसंस्थेचं काउंटर, दूध डेअरी, डीटीपी, मुलांचा अभ्यास. मशीन साधारण ७ ते १५ वर्षं जुनं आणि बहुधा असेंबल केलेलं आहे असं गृहीत धरलंय.

कॉम्प्युटर फार स्लो झालाय. सुरुवात कुठून करू?

पैसे काढण्याआधी पाच मिनिटं मोजमाप करा. रोज जे काम करता तेच उघडा, म्हणजे टॅली, क्रोमच्या सात-आठ टॅब, कोरल, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधलं परफॉर्मन्सचं पान बघा. डिस्क सतत ९०-१०० टक्क्यांवर अडकलीय आणि प्रत्यक्ष रीड-राईट मात्र सेकंदाला १-२ एमबीच होतंय, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. दोन्ही एकदम दिसलं तर आधी रॅमचा विचार करा, कारण रॅम संपली की विंडोज डिस्कवरच जागा वापरायला लागतं आणि बिचाऱ्या डिस्कवर नसता आळ येतो.

प्रोसेसर १०० टक्के असेल तर कोणता प्रोग्रॅम त्याला खातोय ते प्रोसेसेसच्या यादीत बघा. दोन अँटिव्हायरस एकत्र चालू असणं हे इथल्या दुकानांतल्या मशिनांवर सर्रास दिसतं. त्यातला एक काढून टाकायला पैसे लागत नाहीत.

"फॉरमॅट मारून देतो, परत नव्यासारखा चालेल" हा सल्ला अर्धाच खरा आहे. फॉरमॅटने महिना-दोन महिने बरं वाटतं, पण डिस्क तीच असल्यामुळे दुखणं जागेवरच राहतं.

खर्चाचा क्रम काय ठेवावा?

वरच्या मोजमापात वेगळं काही दिसलं नसेल तर आमचा क्रम असा: डेटाचा बॅकअप, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, आत फिरणारं काही नसलेली जलद डिस्क), ८ जीबीपर्यंत रॅम, एसएमपीएसची (मशिनाला वीज पुरवणारा डबा) तपासणी, आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड या यादीत येतच नाही. ते कामापुरतंच.

यामागे एकच हिशेब आहे. जो पार्ट उद्या नव्या मशिनात जाऊ शकतो त्यावर हात सैल सोडा: एसएसडी, चांगला एसएमपीएस, मॉनिटर, यूपीएस. जो पार्ट या जुन्या बोर्डाबरोबरच (मदरबोर्ड) भंगारात जाणार, म्हणजे डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम किंवा जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसायची जागा) प्रोसेसर, तो सेकंडहँड आणि स्वस्तात मिळाला तरच घ्या.

माझ्या मशिनात काय बसेल हे कसं कळणार?

बोर्डाच्या नंबरावरून. स्टार्टमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन शोधा आणि बेसबोर्ड प्रॉडक्टसमोरचं नाव लिहून घ्या. ते रिकामं असेल तर कॅबिनेट उघडा. नाव बोर्डावरच, बहुधा रॅमच्या किंवा ग्राफिक्सच्या स्लॉटजवळ छापलेलं असतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुकानात उपयोगी पडतो.

या भागात अजून चालू असलेल्या इंटेल बोर्डांची मोजकीच कुळं आहेत. जी३१ म्हणजे डीडीआर२ आणि ४ जीबीची मर्यादा. त्यावर एक रुपया घालू नये. जी४१ वर कमाल ८ जीबी. एच६१ वर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर, दोन स्लॉट आणि १६ जीबीपर्यंत डीडीआर३ चालते, मात्र साटा (डिस्क जोडायचे पोर्ट) सगळे जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचे. एच८१ वर चौथी पिढी आणि दोन जलद साटा पोर्ट. एच११० वर सहावी-सातवी पिढी, बहुतेक बोर्डांवर डीडीआर४. एच३१० वर आठवी-नववी. एच११० आणि एच३१० ही दोन्ही बोर्डं एलजीए ११५१ सॉकेटचीच असली तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर एच११० वर चालत नाही. सॉकेटचं नाव सारखं बघून घेतलेले प्रोसेसर परत करायला आलेले लोक दुकानदारांना चांगले ठाऊक आहेत.

जुन्या बोर्डावर एसएसडी लावून फरक पडतो का? साटा तर जुना आहे.

पडतो, आणि दुसऱ्या कुठल्याही पार्टपेक्षा जास्त पडतो. एच६१ च्या साटावर एसएसडी ५५० ऐवजी २५०-२८० एमबीच्या आसपास थांबेल हे खरं. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली इथून-तिथून वाचल्या जातात. ७२०० आरपीएमची डिस्क असे तुटक वाचनाचे फेरे सेकंदाला शंभरेक करते, तर साधी एसएसडी हजारोंनी करते. जाणवणारा वेग तिथून येतो.

विंडोज आणि प्रोग्रॅमसाठी २४०-२५६ जीबी पुरते. जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर ती डी ड्राइव्ह म्हणून आत राहू द्या. लग्नाचे फोटो नि व्हिडिओ ठेवायला एसएसडीची जागा खर्च करण्यात अर्थ नाही. १२० जीबीची घेऊ नका, विंडोजच्या दोन-तीन मोठ्या अपडेटनंतर ती भरते, आणि भरत आलेली एसएसडी लिहिताना मंदावते.

अडीच इंची एसएसडी बसवायला जुन्या कॅबिनेटात खण नसतो. ब्रॅकेट मिळतं, नाहीतर चांगली दुहेरी टेप लावून चिकटवली तरी चालते, कारण आत फिरणारं काही नाही. एसएमपीएसला साटाची पॉवर पिन नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीची पॉवर पिन) साटा करणारा जोड लागतो. प्लॅस्टिकमध्ये एकसंध ओतलेला जोड टाळा. त्यातल्या तारा आतल्या आत एकमेकींना टेकून तो जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तारा वेगवेगळ्या दिसतात असा, दाबून बसवलेला जोड घ्या.

विंडोज नव्याने टाकू की आहे तसं क्लोन करू?

टॅलीचा डेटा, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, लायसन्स, प्रिंटरची सेटिंग असं बरंच जुळवलेलं असेल तर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. घरचं मशीन असेल तर नव्याने टाकलेलं केव्हाही स्वच्छ.

पण त्याआधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका आणि चार ओळी वाचा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, बदलायच्या रांगेत असलेले सेक्टर, सी६ म्हणजे हाताबाहेर गेलेले. यांच्या उजवीकडच्या रॉ आकड्यात शून्याशिवाय काही असेल, विशेषतः सी५ मध्ये, तर क्लोनच्या नादाला न लागता कामाच्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर घ्या. मरायला टेकलेली डिस्क क्लोन करताना सलग तीन-चार तास राबते आणि नेमकी तेव्हाच मान टाकते. चौथी ओळ सी७. ती वाढत असेल तर डिस्क निर्दोष असू शकते, दोष साटा केबलचा. केबल बदलून बघा.

क्लोनचं काम असं करा:

१. अनावश्यक फाइली काढून सी ड्राइव्हवरचा वापर एसएसडीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी आणा.
२. एसएसडी दुसऱ्या साटा पोर्टला किंवा यूएसबी केसमध्ये लावा.
३. एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं क्लोन सॉफ्टवेअर असेल तर तेच वापरा. नसेल तर क्लोनझिला, पण त्यात मोठ्या डिस्कवरून छोट्या डिस्कवर जायचं तर आधी पार्टिशन लहान करावं लागतं.
४. काम झालं की मशीन बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवर चालू करा. दोन्ही डिस्कवर ओळखीचा क्रमांक सारखाच असल्यामुळे एकत्र लावल्या तर विंडोज गोंधळतं, आणि कधी कधी जुन्याच डिस्कवरून चालू राहतं.
५. दोन-तीन दिवस सगळं नीट चाललं की मग जुनी डिस्क जोडा आणि तिच्यावरचं विंडोज काढा.

जुन्या मशिनांवर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, साटाचा मोड जुना आयडीई असतो. एसएसडीसाठी तो एएचसीआय हवा, पण थेट बदललात तर निळी स्क्रीन येते. आधी सिस्टीम कॉन्फिगरेशनच्या बूट पानावर सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या, मग टिक काढा. ड्रायव्हर आपोआप जुळतो.

एनव्हीएमई एसएसडी घेतली तर?

एनव्हीएमई म्हणजे साटापेक्षा जलद, छोट्या पट्टीसारखी एसएसडी. बोर्डावर एम.२ चा, म्हणजे ती पट्टी बसायचा, स्लॉट असेल तरच घ्या. एच६१, एच८१ वर कार्डाच्या आधाराने एनव्हीएमई बसवता येते, पण त्यावरून विंडोज सुरू होत नाही, कारण बायोसला ती ओळखताच येत नाही. शिवाय काही एम.२ स्लॉट फक्त साटाच्या एसएसडी घेतात. बोर्डाचं मॅन्युअल बघितल्याशिवाय घेऊ नका.

रॅम किती आणि कशी वाढवू?

साध्या कामाला ८ जीबी. कोरल, फोटोशॉप किंवा व्हिडिओचं काम असेल तर १६. पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये अबाउटवर जाऊन विंडोज ३२ बिट आहे का बघा. ३२ बिट असेल तर कितीही रॅम घाला, तीन-सव्वातीन जीबीच्या पुढे ती वापरली जाणार नाही. आधी ६४ बिट टाकावं लागेल.

दोन स्लॉट असतील तर ४ अधिक ४ ची जोडी एका ८ च्या पट्टीपेक्षा थोडी जलद चालते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशिनात ते जास्त जाणवतं. पण पुढे १६ करायचा विचार असेल तर ८ ची एक घ्या आणि एक स्लॉट मोकळा ठेवा. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र चालतात, फक्त दोन्ही कमी वेगाने. दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर १६०० ची पट्टी १३३३ वरच धावते, त्यामुळे जास्त वेगाची रॅम शोधत बसू नका.

जी४१ च्या मालकांनी मात्र हे नीट वाचावं. या बोर्डाला ४ जीबीची हवी ती पट्टी चालत नाही. पट्टी हातात घेऊन चिप मोजा: दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण सोळा चिप असतील तरच घ्या. एकाच बाजूला आठ चिप असलेली ४ जीबीची पट्टी जास्त दाट चिपांची असते. ती लावली की मशीन बीप देत बसतं किंवा स्क्रीनच येत नाही. दुसरा सापळा ऑनलाइन बाजारात आहे. अगदी स्वस्तातल्या ४ आणि ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्यांच्या वर्णनात बारीक अक्षरात फक्त एएमडीसाठी असं असतं. त्या इंटेल बोर्डावर चालणार नाहीत. रॅम खराब नसते, दुकानदारही खोटं बोललेला नसतो, वर्णन वाचलेलं नसतं इतकंच.

लावताना वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकं कट असा आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली पट्टी हेच निम्म्या तक्रारींचं मूळ असतं. लावून झाल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर पट्टी परत.

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा जुन्या आठवणीतल्या किमतीवर बजेट बांधू नका. घ्यायच्या दिवशीच दर विचारा.

प्रोसेसर बदलला तर मशीन नवं होईल का?

नाही, पण एका ठिकाणी तो बदल पैशाला पुरून उरतो. एच६१ वर पेंटियम किंवा आय३-२१०० असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर खरंच १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर सेकंडहँड आय५-३४७० घालण्यात अर्थ आहे. दोन कोरचे चार होतात. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखायला बायोस अपडेट लागू शकतं आणि ते जुना प्रोसेसर आत असतानाच करावं लागतं. नवा बसवल्यावर काळी स्क्रीन आली तर जुना परत लावा आणि आधी बायोस करा. हे काम यूपीएसवरच करायचं. मध्येच लाईट गेली तर बोर्डच जातो.

एएमडीचं एएम४ सॉकेटचं बोर्ड असेल तर नशीब चांगलं. ए३२०, बी३५० सारख्या जुन्या बोर्डांनाही कंपन्यांनी बायोस दिल्यामुळे त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर रायझन ५ ५५०० किंवा ५६०० चालतो. तुमच्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, तीत नाव असेल तरच घ्या. रायझन ५ ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, हे विसरलात तर मॉनिटर लावायला जागाच उरत नाही.

सेकंडहँड इंटेल बोर्ड घेताना सॉकेटवर मोबाइलची टॉर्च तिरकी धरा. एखादी पिन वाकलेली असेल तर तिची चमक बाकीच्या ओळीपेक्षा वेगळी पडते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून त्याच्याबरोबर येतो, म्हणून मशीन थोडं चालवून गरम करा आणि कूलर हलकेच फिरवत काढा.

मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. रॅम गेली का?

निळी स्क्रीन न येता एकदम बंद पडून चालू होत असेल तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या आत आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. तिथला आकडा ढोबळ असतो, पण १२ ऐवजी ११.२ दिसला तर शंका उरत नाही.

कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवरचं "४५० वॅट" वाचू नका. स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट, आणि कामाचा आकडा तोच. आय५, एसएसडी, एक हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही, अशा मशिनाला एवढं पुरतं. ग्राफिक्स कार्ड येणार असेल तर ८० प्लस मानांकनाचा (वीज कमी वाया घालवणारा) ४५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्या. एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो.

बोर्डावरचे कपॅसिटरही बघा. वरचा भाग सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी गळती असलेला दिसला तर त्या बोर्डावर पुढचा खर्च थांबवा.

तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मात्र मोठं काही नाही. सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदला.

आमच्याकडे करंटचा फार त्रास आहे. काय काळजी घ्यावी?

आधी अर्थिंग. मल्टिमीटरने सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा. दोन्ही २३० च्या आसपास हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ही तक्रार खेड्यांत नेहमीची आहे, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी अर्थिंग नसणं हेच असतं. कॉम्प्युटर बदलून ती जाणार नाही.

मळ्यात घर असेल आणि पंपाच्या लाईनीवर कनेक्शन असेल तर थ्री फेज येताना-जाताना व्होल्टेज हेलकावे खातं. तिथे स्टॅबिलायझर आणि त्यामागे यूपीएस लावा. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. चाचणी सोपी आहे: काम सेव्ह करून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. पाच मिनिटंही तग धरला नाही तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस नको. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका.

एप्रिल-मेच्या वळवात विजा व्हायला लागल्या की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आणि लॅनची केबलसुद्धा. राऊटरमार्गे आलेल्या झटक्याने लॅन पोर्ट जळतो, कधी बोर्डही सोबत जातो. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईन गेली म्हणून आपण सुरक्षित, असं समजू नका, ती परत येतानाचा झटका जास्त वाईट असतो.

पावसाळ्यात मशीन चालूच होत नाही. आठवडाभर बंद होतं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची ही ठरलेली तक्रार. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर चढतो आणि स्लॉटात संपर्क नीट होत नाही. पट्टी काढून शाळकरी खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या घासा, चुरा मऊ कापडाने झटका, परत लावा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मशीन वापरात नसलं तरी रोज अर्धा तास चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही.

निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळ किंवा उद्यमबागेत फौंड्रीजवळ मशीन असेल तर दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारायला हवा. धातूची बारीक धूळ वीज वाहून नेते, म्हणून तिथे ती नुसती अस्वच्छता राहत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर ती भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरचं तापमान कामाच्या वेळी ८५ अंशांवर जात असेल तर थर्मल पेस्ट बदला. मटारच्या दाण्याएवढी पुरते.

विंडोज १० चं काय करायचं?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशिनांना नोंदणी करून मिळणारी जादा सुरक्षा अपडेटही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट लागतं. आठव्या पिढीचं मशीन असूनही "चालणार नाही" असा निरोप येत असेल तर बायोसमध्ये टीपीएमची सोय (इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम) बंद असेल. चालू करा.

अटी चुकवून जुन्या मशिनावर ११ टाकता येतं. बँकेचं किंवा संस्थेचं काम होणाऱ्या मशिनावर आम्ही तो सल्ला देत नाही, मोठं अपडेट दर वेळी हाताने करावं लागतं. कोअर २ ड्युओवर तर तेही नाही. २४एच२ या आवृत्तीपासून त्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. अशा मशिनावर एसएसडी घालून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाका. ब्राउझर, मराठी टायपिंग, पीडीएफ, मुलांचा अभ्यास यांना ते भरपूर होतं.

डेअरीचं मशीन बदलायचंय, पण फॅट मशीन जुन्या पोर्टला लागतं.

दूध संकलनाची फॅट मशिनं आणि काटे बहुतेक ९ पिनांच्या कॉम पोर्टवर चालतात. नव्या बोर्डांना मागे तो पोर्ट दिसत नाही, पण बऱ्याच बोर्डांवर आत कॉम लिहिलेल्या पिना असतात आणि त्यांना मागे आणणारी पट्टी स्वस्तात मिळते. ही वाट सगळ्यात भरवशाची.

यूएसबीवरून कॉम करणारी केबल घ्यायची तर आतली चिप कोणती ते विचारा. जुन्या पीएल२३०३ चिपची केबल विंडोज ११ वर लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या नावाच्या जागी ही चिप २०१२ पासून बंद असल्याची सूचना दिसते आणि केबल काम करत नाही. एफटीडीआय किंवा सीएच३४० ची घ्या. लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा नंबर डेअरीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे तोच करा, आणि केबल रोज त्याच यूएसबी पोर्टला लावा. पोर्ट बदलला की नंबर बदलू शकतो, आणि पहाटे साडेपाचला दुधाची रांग लागलेली असताना ते निस्तरणं अवघड.

पतसंस्थांच्या पासबुक आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं सोपं आहे. एलपीटीवरून (जुना प्रिंटर पोर्ट) यूएसबी करणारी केबल छपाईला चालते.

डीटीपीचं मशीन आहे. श्री-लिपी, पेजमेकर, नुडी सगळं त्यावरच.

इथे घाई करू नका. एलपीटी पोर्टला लागणारा जुना लॉक (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) असेल तर तो यूएसबी केबलवर चालत नाही, ती केबल फक्त प्रिंटरसाठी असते. कित्येक जुन्या सॉफ्टवेअरचा सेटअप १६ बिटचा असतो आणि ६४ बिट विंडोजवर उघडतच नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींतल्या जुन्या लग्नपत्रिका, हँडबिलं त्याच फॉन्टवर बांधलेली आहेत. फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं उरतात.

म्हणून जुनं मशीन एसएसडी घालून तसंच ठेवा, त्याची इंटरनेटची केबल काढा, फॉन्टचा पूर्ण फोल्डर आणि डिस्कची इमेज (पूर्ण प्रत) दोन ठिकाणी जपा. नवं काम नव्या मशिनावर युनिकोडमध्ये करा. दोन मशिनं ठेवणं अडचणीचं वाटतं, पण भर लग्नसराईत सगळं एकदम हलवण्यापेक्षा परवडतं.

ग्राफिक्स कार्ड घालू का?

बिलिंग, टायपिंग, कोरल यांना नको. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी हवं असेल तर स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागणारं, वेगळी पॉवर पिन नसलेलं कार्ड घ्या. जीटीएक्स १६५० चे काही प्रकार असे आहेत, काहींना मात्र पिन लागते. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अ‍ॅडॅप्टर लागेल.

यापेक्षा सेकंडहँड ऑफिस मशीन घेतलेलं बरं का?

बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदलायची वेळ आली असेल तर हो, बहुतेक वेळा. आमचं माप असं: पार्टांचा खर्च तशा मशिनाच्या निम्म्यावर गेला की जुन्यावर पैसे घालणं थांबवा.

मात्र पिढी नीट बघा. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६० आठव्या पिढीची. ३०५०, ५०५०, ७०५० सहाव्या-सातव्या पिढीची, बाहेरून जवळजवळ तशीच. एचपी प्रोडेस्क ६०० मध्ये जी४ आठवी, जी३ नाही. "विंडोज ११ टाकून देतो" म्हटलं तरी प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा: आय५-८५०० चालेल, आय५-७५०० अधिकृत यादीत नाही. या मशिनांचा एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचा असतो. जळाला तर बाजारातला साधा बसत नाही, आणि बारक्या कॅबिनेटात कार्डही अर्ध्या उंचीचंच लागतं.

पार्ट कुठून घ्यावेत: बेळगाव, कोल्हापूर, बेंगळूर की ऑनलाइन?

रॅम आणि एसएमपीएस जवळच्या दुकानातून घ्या. बेळगाव-खानापूरला बेळगाव, निपाणी-चिकोडीला कोल्हापूर. चाललं नाही तर दुसऱ्या दिवशी बदलून आणता येतं, आणि या दोन पार्टांत ती वेळ जास्त येते. एसएसडी ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. आल्यावर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चालू तास बघा. नव्या एसएसडीवर ते शून्याच्या जवळ हवेत. बेंगळूरच्या एसपी रोडवर जुने प्रोसेसर आणि बोर्ड भरपूर मिळतात, पण एका आय५ साठी तेवढा प्रवास परवडत नाही.

वॉरंटी सीरियल नंबरवर आणि बिलावर मिळते. एसएसडीला बहुधा ३ किंवा ५ वर्षं असते, तेव्हा "बिलाशिवाय १८ टक्के वाचतील" हा सौदा महागात जातो. व्यवसायासाठी घेत असाल तर २९ ने सुरू होणारा तुमचा जीएसटी नंबर बिलावर घालून घ्या. कोल्हापुरात घेतलंत तर कर कुठल्या प्रकारे लावलाय ते तुमच्या कर सल्लागाराला दाखवा.

काढलेली जुनी डिस्क कुणाला देऊन टाकू का?

रिकामी केल्याशिवाय नाही, आणि डिलीट केलं किंवा झटपट फॉरमॅट मारला म्हणजे रिकामी झाली असं नव्हे. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची टिक काढा, म्हणजे पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. ५०० जीबीला दोनेक तास लागतात. पतसंस्थेच्या किंवा सेवा केंद्राच्या डिस्कवर लोकांचे आधार आणि खात्यांचे तपशील असतात. ती बाहेर जाऊ न देता आतल्या तबकड्यांना ड्रिलने भोक पाडा, मगच ई-कचऱ्यात द्या.